रुक्माक्कानं जेवू घातलेली कौदी

रुक्माक्कानं मला फसवलं. बेंगळूरच्या चिकपेटेत कापडाच्या धंद्यात उभी हयात काढलेल्या मला, माझ्याच कापडाची कौदी, म्हणजे गोधडी, शिवून, भरल्या छत्रात, सगळ्या पेटेच्या बायांसमोर फसवलं. हे मी ती जिवंत असताना तिच्या तोंडावर कितीदा तरी सांगितलं आहे, त्यामुळे ती गेल्यावर लिहिताना मला संकोच वाटायचं कारण नाही. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं निवडून लिहितात. मी घडलं तसं लिहिणार आहे. त्यातून चांगलं निघालं तर ते रुक्माक्काचं नशीब.

ती गेल्याचं मला दुकानात कळलं. एक शिंपीण पोपलीनच्या तुकड्यांवरून माझ्याशी हुज्जत घालत होती आणि मीही रंगात आले होते. समोरच्या भांड्यांच्या दुकानातले शेट्टी रस्ता ओलांडून आले आणि पायरीशी उभे राहिले. शेट्टींना वाट बघायची सवय नाही. मी भाव तोडत असले की ते मुद्दाम मध्ये बोलतात. त्या दिवशी ते थांबले. त्यांनी सांगितलं. मी हातातले तुकडे शिंपिणीपुढे ढकलले आणि म्हटलं, तू म्हणतेस त्या भावानं घेऊन जा. ती बिचारी घाबरली. मी असं म्हणते म्हणजे मालातच काहीतरी खोट असणार असं तिला वाटलं, आणि तुकडे तिथंच टाकून ती चालती झाली.

रुक्माक्काच्या घरी पोचेपर्यंत वाटेत मी नको ते सगळं मनात आणलं. वर्षभर तिला दम लागत होता, पाय सुजत होते, आणि तिला धास्ती एकाच गोष्टीची होती... अंथरुणाला खिळण्याची. मी शिवलेल्या कौद्यांवर मीच पडून राहायचं आणि दुसऱ्यांनी त्या धुवायच्या, तेवढं नको, असं ती म्हणायची. तसं काही झालं नव्हतं. सकाळची कॉफी घेऊन ती दारातल्या उन्हात बसली होती. धाकटी बहीण सुंद्राक्का भात उतरवायला आत गेली, तेवढ्यात सगळं संपलं होतं. डोकं चौकटीला टेकलेलं, आणि दोरा ओवलेली सुई पदरात नीट खोचलेली, टोक आतल्या बाजूला, कुणाला लागू नये असं. ती सुई बघितली आणि मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण आधी हायसंच वाटलं.

नात्यानं ती माझी नणंद. ह्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, ह्यांच्यापेक्षा मोठी. हे लोक बेंगळूरचे जुने. आमचे पूर्वज लष्कराबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि इथलेच झाले, असं ते प्रत्येक लग्नात सांगतात. त्यांच्या मराठीत अर्धी कानडी. मी निपाणीकडची. लग्न होऊन आले तेव्हा ‘स्वल्प थांब’ म्हणजे किती थांबायचं, हे मला कळायचं नाही. आणि त्यांना माझी ज्वारीची भाकरी कळायची नाही. सगळी गल्ली भात आणि नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, खाणारी. मी गावाकडून येणाऱ्या माणसाकडून ज्वारी मागवायची, जात्यावर दळायची आणि सकाळी सकाळी भाकरी थापायला बसायची. थापण्याचा आवाज ऐकून शेजारणी म्हणायच्या, शांतेच्या घरी ढोल सुरू झाला. रुक्माक्का मात्र पहिल्याच आठवड्यात येऊन चुलीपाशी बसली, गरम भाकरीचा पापुद्रा फुंकून खाल्ला आणि म्हणाली, “चिवट आहे. तुझ्यासारखी.” तिच्या तोंडून निघालेली स्तुती मी तेवढीच ऐकली.

लवकर विधवा होऊन ती माहेरी परत आली होती आणि कौद्या शिवून स्वतःचं भागवत होती. मीही काहीतरी करायच्या मागे होते. हे गिरणीत फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापडाची घडी घालून, माप घेऊन गठ्ठे बांधतात तिथे. पगार येत होता, पण मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. शिंप्यांच्या दुकानांत खाली पडलेल्या चिंध्या मी गोळा करू लागले, त्या निवडायच्या, धुवायच्या, आणि कौद्या शिवणाऱ्या बायांना विकायच्या. घरातल्यांनी नाकं मुरडली. चिंध्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पेटेतून फिरणारी सून त्यांच्या तंबूवाल्या खानदानात बसत नव्हती. माझं पहिलं गिऱ्हाईक रुक्माक्का. तुकडा नाकाशी न्यायची, दोन्ही हातांत धरून ताणायची, उजेडापुढे धरायची आणि म्हणायची, ह्यात नुसती खळ आहे, धुतल्यावर काय राहील? मी म्हणायची, तुझी अक्कल राहील, ती तरी धुऊन जाणार नाही ना. अशी आमची भाषा. घरातल्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. आम्ही व्यवहार करत असायचो. तिच्याशी घासाघीस करून मी इतकी तयार झाले की पुढे चिकपेटेतले मोठे व्यापारीसुद्धा मला सोपे वाटले. गाठोड्याची हातगाडी झाली, हातगाडीचं दुकान झालं. कुणी दिलं नाही, मी केलं.

दिवाळी उलटली आणि पहाटेला गारवा आला की आमच्या पेटेत कौद्यांचा मेळा भरतो. शिंप्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या घरांतल्या बायकांनी तो सुरू केला. आधी ज्या त्या आपापल्या गच्चीवर शिवायच्या; मग कुणीतरी म्हणालं, देवळाजवळचं धर्मशाळेचं छत्र रिकामंच असतं, तिथे एकत्र बसू. बघता बघता त्याची जत्रा झाली. छत्राच्या खांबाखांबांना दोर बांधून कौद्या टाकलेल्या, मधल्या चौकात गोल करून बसलेल्या बाया एकाच मोठ्या कौदीवर चहूबाजूंनी धावदोरा घालतायत, देवनहळ्ळीकडचे धनगर काळ्या कांबळ्या घेऊन आलेत, मागल्या अंगणात विहिरीपाशी रंगाऱ्यांच्या निळीच्या आणि मंजिष्ठेच्या घागरी. व्हाइटफील्डहून दोन अँग्लो-इंडियन म्हाताऱ्या लोकरीचं विणकाम घेऊन यायच्या, आणि आमच्या बायांबरोबर खुणांनी बोलत बोलत टाके शिकायच्या, शिकवायच्या. सगळीकडे चिंध्यांचा, निळीचा आणि कॉफीचा वास. त्यात निम्म्या चिंध्या माझ्या दुकानच्या, हे मी कुणाला विसरू द्यायची नाही.

मेळ्याचा शेवटचा दिवस घास भरवण्याचा. आमच्याकडे कौदी उपाशी ठेवत नाहीत. चारही कडा शिवून झाल्या तरी एक कोपरा मोकळा ठेवायचा. ज्या घरात ती कौदी जाणार, त्या घरच्या चुलीवरचा सुकवलेला घास... पोळीचा म्हणा, पुरणाच्या होळिगेचा म्हणा, नखाएवढा तुकडा... त्या कोपऱ्यात ठेवायचा आणि मग शिवणारीनं तो कोपरा बंद करायचा. पोटात घास गेला की कौदी त्या घरची झाली. मग ती विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, आणि कोपरा उसवायचा तर नाहीच. जेवत्या माणसाच्या तोंडातला घास ओढून घेण्यासारखं ते. मी निपाणीची, मला आधी ह्याचं हसू यायचं. पण बाईला नांदायचं असतं तिथले रिवाज अंगात मुरतातच. माझ्याही मुरले, आणि तिथंच माझा घात झाला.

एका वर्षी मी मनावर घेतलं. दुकानात येणाऱ्या मालातले सगळ्यात चांगले तुकडे बाजूला ठेवत गेले... गर्द निळे, विटकरी, राईच्या फुलासारखे पिवळे. पावसाळ्यात रुक्माक्काला नेऊन दिले आणि म्हटलं, आजवर केली नाहीस अशी कौदी कर. तिनं तुकडे पसरले, बराच वेळ नुसते बघितले आणि पहिल्यांदाच भावाचं काही बोलली नाही. चारेक महिने ती त्या कौदीवर बसली. मधोमध एकात एक बसलेले चौकोन, आतून बाहेर उजळत जाणारे, आणि टाके इतके बारीक की वरून हात फिरवला तर तांदळावरून फिरवल्यासारखा लागावा.

ती कौदी एका बाईच्या डोळ्यांत भरली. गिरणीतला उरलासुरला माल ज्याच्या हातून बाहेर जायचा, त्या एजंटाची बायको. बसवनगुडीत त्यांचा बंगला. बाई मोठ्या हौशी. रुक्माक्काच्या गच्चीवर येऊन कौदी बघून गेल्या आणि मग एजंटानं मला बोलावणं पाठवलं. त्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मी आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा केला. कौदी त्यांच्या घरी यावी, मेळ्यात सगळ्यांदेखत बाईंच्या हातानं घास भरवून यावी, आणि त्यानंतर गिरणीचे कटपीसचे गठ्ठे मधल्या कुणाच्या हाती न पडता थेट माझ्या दुकानात उतरावेत. मला दुसऱ्यांनी निवडून टाकलेल्या मालावर जगावं लागत होतं; ते संपणार होतं. चिंध्या वेचणारी म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्या दारावरून माझ्या गठ्ठ्यांची गाडी जाणार होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, “त्या माणसाचं काम स्वल्प बघून कर.” मी विचारलं, काय बघून? म्हणाले, “सहज म्हटलं.” आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या कापडाच्या घड्या घालणाऱ्यानं मला धंदा शिकवू नये. झालं, विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात. रुक्माक्काला सांगितलं तर ती टाका ओढत म्हणाली, “सरी. बघू.” ‘सरी’ म्हणजे ठीक, आणि ‘बघू’ला मी होकार धरलं.

मेळ्याच्या शेवटच्या दिवशी मी सकाळीच घोड्याचा जटका करून बसवनगुडीला गेले, बाईंना स्वतः घेऊन यायला. बाई नटूनथटून, हातात चांदीची डबी, डबीत त्यांच्या घरच्या होळिगेचा तुकडा. छत्रात शिरलो तर बायांनी वाट करून दिली. मधल्या चौकात ती कौदी पसरलेली, शेजारी रुक्माक्का मांडी घालून बसलेली. बाईंनी डबी उघडली आणि पुढे केली. रुक्माक्का जागची हलली नाही.

“ही जेवलीय,” ती म्हणाली.

बाईंना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाकून कोपरा चाचपला. बंद. ताजा, घट्ट, दुहेरी टाका. मी हसण्यावारी न्यायला गेले, म्हटलं, रुक्माक्का, थट्टा पुरे, कुणाच्या घरचा घास?

“तुझ्या. ज्वारीची भाकरी. ह्या पेटेत आणि कुणाच्या चुलीवर होते, सांग.”

भोवतालच्या बायांनी माना डोलावल्या. तासाभरापूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत भरवला होता तिनं. दुसरं काही असतं तर मी म्हटलं असतं, ही कुठल्याही घरची पोळी आहे, ही खोटं बोलते. पण ज्वारीची भाकरी... माझ्या नावाचा शिक्काच तो. बाईंनी चांदीची डबी टक्कन मिटली. दुसऱ्या घरचं उष्टं पोटात घेतलेलं पांघरूण आपल्या बिछान्यावर नेणारी बाई ती नव्हे. त्या एक शब्द न बोलता वळल्या, आणि मी त्यांच्या मागे जटक्यापर्यंत पळाले, दुसरी देते म्हणाले, दोन देते म्हणाले. पडदा ओढला त्यांनी. परत येऊन मी रुक्माक्काला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. मराठी संपली तेव्हा कानडीत बोलले. चोर म्हणाले, कारण आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन गेली होती; तेव्हाच चुलीजवळची भाकरी तिनं उचलली, असं मी धरून चालले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी कुणाच्या चुलीजवळचं उचलत नाही गे. ओरडून झालं की घडी घाल आणि घेऊन जा, दव पडायच्या आत.”

गठ्ठे तुकोजीला मिळाले. गल्लीच्या तोंडाशी त्याचं कापडाचं दुकान. माझ्या दारावरूनच त्याची गाडी जायची आणि तो मुद्दाम बैलांना हळू हाकायला लावायचा. मी रुक्माक्काशी बोलणं टाकलं. तिला चिंध्या विकणंसुद्धा टाकलं. ती दुसरीकडून आणायची आणि त्या हलक्या आहेत असं चार लोकांत सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. ती कौदी मी कपाटावर फेकून दिली. पण थंडीत ह्यांनी ती काढली आणि पांघरून झोपले. मी म्हटलं, माझ्या नुकसानीखाली झोप बरी लागते तुम्हाला. हे म्हणाले, ऊब आहे. मी हट्टानं सतरंजी पांघरत राहिले. मग एका हिवाळ्यात मला ताप आला आणि शुद्धीवर आले तेव्हा माझ्या अंगावर ती होती. त्यानंतर ती निघाली नाही. पण राग निघाला असं कुणी समजू नये. ऊब वेगळी, राग वेगळा.

पुढे काही वर्षांनी एका सकाळी तुकोजीच्या दुकानापुढे गर्दी दिसली. पोलीस दाराला सील ठोकत होते. एजंटाचं बिंग फुटलं होतं. गिरणीतले चांगले, अखंड तागे फाडून, कटपीस म्हणून दाखवून तो बाहेर काढत होता, आणि ज्याच्या दुकानात ते गठ्ठे उतरले त्याच्या गळ्यात चोरीचा माल. तुकोजी पायरीवर बसला होता, टोपी हातात. त्याला काही माहीत होतं की नव्हतं कुणास ठाऊक. कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून शेवटी तो दुकान विकून गावी गेला. मी माझ्या दुकानाच्या फळीला धरून उभी होते. शेट्टींनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. वाईट कसलं... मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की हसू येईल की रडू येईल तेच समजेना. गठ्ठे उतरवून घेतल्याच्या कागदावर सही माझी असती. ते सील माझ्या दारावर असतं.

मी दुकान उघडं टाकून तशीच रुक्माक्काकडे गेले. इतक्या वर्षांनी. ती गच्चीवर टाके घालत होती. मी विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, “मला काय कळतं गिरणीतलं? मी सुई चालवते.” मग का केलंस? तर म्हणते, “तुझ्या घरात एक तरी कौदी होती काय? सगळ्या पेटेला चिंध्या विकायचीस आणि सतरंजीवर झोपायचीस.” ह्यावर आमचं पुन्हा कडाक्याचं भांडण झालं, कारण हे उत्तर नव्हतं, हे मला कळत होतं. कापडात आत काय भरलंय ते मला वरून हात लावून कळतं, माणसाच्या बोलण्यातलं का कळणार नाही? पण भांडता भांडता तिनं मला सुई ओवायला दिली, तिची नजर कमी झाली होती. त्या दिवसापासून पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. दर मेळ्यात मी तिला चारचौघींत म्हणायची, हिनं मला फसवलं. ती म्हणायची, हो, आणि पुन्हा फसवीन. नव्या सुनांना वाटायचं, ही आमची काहीतरी गंमत आहे. माझी नव्हती. मला उत्तर पाहिजे होतं. ती गेली तेव्हा रडता रडता माझ्या मनात हेही आलं, की आता ते कुणाकडे मागायचं...

तेराव्याच्या दिवशी पानं वाढून झाली. सुंद्राक्का माझ्या शेजारी बसली होती. जेवता जेवता अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अक्का गेली, आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी अण्णा आले होते छत्रात.” अण्णा म्हणजे आमचे हे. मी जटक्यातून बसवनगुडीला गेले आणि गिरणीत जायच्या वाटेवर हे छत्राच्या मागल्या अंगणात आले. तिथे रंगाऱ्यांच्या घागरी होत्या आणि ह्या दोघी बहिणी, बाकी कुणी नव्हतं. ह्यांनी जेवणाचा डबा उघडला, माझ्या हातची भाकरी काढली, कडेचा सुकलेला तुकडा मोडला आणि रुक्माक्काच्या हातावर ठेवला. म्हणाले, “अक्का, ती कौदी त्या घरी जाता कामा नये. का ते विचारू नको.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, अक्कानं विचारलं नाही.”

तिनं विचारलं नाही! इतकी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, चोर म्हणवून घेतलं, माझ्याकडच्या चांगल्या चिंध्या गमावल्या, आणि तिला स्वतःला माहीतसुद्धा नव्हतं की कशासाठी. एजंट पकडला गेला तेव्हा कळलं असेल, तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भावानं सांगितलं, घास घरच्या माणसानं दिला, कोपरा शिवला, संपलं. मी मान वर केली. समोरच्या पंगतीत हे बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी भाताला आळं केलं, वाढप्याला हाक मारून सारू मागितलं आणि खाली बघून जेवू लागले.

आता मला एकेक दुवा लागतो. गिरणीतला प्रत्येक तागा फोल्डिंग खात्यातून जातो. कुठला तागा अखंड आला आणि फाटून बाहेर गेला, हे ह्यांच्या डोळ्यांपुढे घडत होतं. बोलले असते तर नोकरी गेली असती, हेही मला समजतं. पण ते गिरणीत बोलले असते तर. घरात कोण होतं? तेव्हापासून मी ह्यांना विचारलेलं नाही. गेल्या काही आठवड्यांत रात्री अंगावर कौदी ओढताना तो कोपरा हाताला लागतो, बाकीच्या कडांपेक्षा जाड, दुहेरी टाक्याचा. तिथं रुक्माक्का आहे, सुईच्या टोकासकट, आणि मी तिच्यावर रागावू शकत नाही. ह्याचं मला अतोनात बरं वाटतंय. तिच्यावर रागावून मी थकले होते. आणि त्याहून बरं ह्याचं वाटतंय की ज्याच्याशी भांडायचं ते माणूस गेलेलं नाही. ते माझ्या घरात आहे, पेन्शन घेतं आणि दुपारी दोन वेळा कॉफी मागतं.

पेपरची ही पुरवणी बेळगावकडून आमच्याकडे एक दिवस उशिरा येते. हे ती मागल्या पानापासून वाचतात, एकही ओळ न सोडता. मी हा लेख त्यांना आधी दाखवलेला नाही.

तर अहो, तुम्ही इथपर्यंत आला असाल. ‘सहज म्हटलं’ हे सांगणं नव्हे. तापट आहे, ओरडते, सगळं खरं. पण चोरीचा माल कळल्यावर मी तो दारात उतरवून घेतला असता, असं तुम्हाला वाटलं? मला वळवायला भाकरीचा तुकडा आणि सगळी पेट लागते, एक सरळ वाक्य पुरत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? रुक्माक्कानं विचारलं नाही, तिचा तो मोठेपणा. मी विचारते आहे. समोरच बसले आहे. पेपर खाली ठेवा आणि बोला.